पराभवाचें खापर

अमेरिकेंतील वृत्तपत्रांच्या क्रीडा-पृष्ठावर अगदीं तळाशीं, बारीक टाइपांत, एक मजकूर छापण्याचा जुना प्रघात आहे. त्यांत वर्णन नसतें कीं चित्र नसतें. अमक्या संघानें अमक्या गड्यास तमक्या संघाकडे दिलें. अमक्याला दुय्यम श्रेणीच्या संघांत पाठविलें. तमक्याचा करार संपविला. एवढींच त्रोटक वाक्यें. परक्या माणसास हा मजकूर बाजारभावाच्या तक्त्याइतकाच नीरस वाटेल. परंतु बेसबॉलचा खरा शौकीन सकाळीं कॉफीचा पेला हातीं घेऊन प्रथम तोच वाचतो. काल आपला संघ कां हरला याचें उत्तर मोठ्या मथळ्यांत नसून या बारीक ओळींत दडलेलें असावें, असा त्याला संशय असतो. हा संशय कितपत खरा, आणि तो खरा असूनहि शौकीन चुकतो कोठें, हें बोस्टन शहरांतील एका संघाच्या शंभर वर्षांच्या इतिहासावरून फार चांगलें कळून येतें.

बेसबॉल हा खेळ क्रिकेट जाणणाऱ्यांना अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. दर बाजूस नऊ गडी आणि नऊ डाव. दर डावांत तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. मैदानांत एक चौकोन आंखलेला असतो. फलंदाजानें चेंडू टोलवून त्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील ‘बेस’ नांवाचीं ठाणीं क्रमानें गांठावयाचीं आणि चौथ्या कोपऱ्यावर, म्हणजे मूळच्या जागीं, परत यावयाचें, कीं एक धांव झाली. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो होमरन; मग फलंदाजाबरोबर ठाण्यांवर उभे असलेले सारे गडी धांव मिळवून घरीं येतात.

क्रिकेटहून खरा फरक आहे तो सामन्यांच्या संख्येंत. वरच्या श्रेणीचा प्रत्येक संघ वसंत ऋतूपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज एक सामना. २०१८ सालीं बोस्टनच्या संघानें १०८ सामने जिंकले. एका हंगामांत इतके विजय त्या संघाला पूर्वी कधींहि मिळाले नव्हते. तरी त्या वर्षींहि तो ५४ वेळां हरलाच. उलट २०२४ सालीं शिकागोचा ‘व्हाइट सॉक्स’ संघ १२१ सामने हरून बदनाम झाला. पण ४१ सामने त्यानेंहि जिंकले. उत्तम संघ तिनांत एकदां हरतो आणि अगदीं वाईट संघ चारांत एकदां जिंकतो, असा हा खेळ आहे. त्यामुळें एका दिवसाच्या निकालांत दैवाचा वाटा बराच असतो, आणि गुणाची खरी पारख हंगामाच्या लांबीवरच होते. शौकीनाच्या बुद्धीला ही गोष्ट पटते. मनाला पटत नाहीं. मन आजचा सामना आजच जिंकावयास बसलेलें असतें.

संघाच्या चालकांच्या हातीं एकच खरें हत्यार असतें, तें म्हणजे गड्यांची नामावली. सामन्यासाठीं सिद्ध अशा गड्यांचा पट २०२० पासून २६ नांवांचा आहे. त्यापूर्वी दीर्घकाळ तो २५ चा होता. त्याभोंवतीं ४० नांवांची मोठी यादी असते, आणि त्याखालीं लहान शहरांतून दुय्यम श्रेणीचे संघ होतकरू गडी तयार करीत असतात. बोस्टनच्या अशा संघांपैकीं सर्वांत वरचा संघ २०२१ पासून जवळच्याच वूस्टर शहरांत आहे. कोणाचा खांदा दुखावला कीं वूस्टरहून एक गडी बोलावला जातो. त्याला जागा हवी म्हणून दुसऱ्या कोणाचें नांव पटावरून खालीं येतें. मोठ्या यादींतूनच ज्याचें नांव कमी झालें, त्याला दुसरा एखादा संघ उचलूं शकतो. उन्हाळा सरत येतां अदलाबदलीची मुदत संपते. तिच्या आधींच्या दिवसांत दूरध्वनीवरून गड्यांचे सौदे अहोरात्र चालतात. ज्याची बदली होते त्याची संमति सामान्यतः घ्यावी लागत नाहीं. दहा वर्षें वरच्या श्रेणींत आणि त्यांतलीं शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या गड्याला, किंवा ज्यानें करारांतच तशी अट घातली असेल त्याला, तेवढा नकाराचा अधिकार असतो. इंडियन प्रीमियर लीगमुळें २००८ पासून आपल्याकडेहि गड्यांच्या लिलावाची ओळख झाली आहे. अमेरिकेंत हा व्यवहार शतकाहून जुना आहे, आणि तो हंगामभर चालूच असतो.

या व्यवहारांत शौकीनाला मत नाहीं. संघ त्याच्या शहराचें नांव लावतो, त्यानें काढलेल्या तिकिटांवर पोसला जातो, त्याच्या मुलांच्या टोप्यांवर त्याचीं अक्षरें विणलेलीं असतात. पण मालकी दुसऱ्याची. शौकीनाच्या वांट्यास येतें तें स्मरण आणि दोष देण्याचें स्वातंत्र्य. या दोहोंचा उपयोग बोस्टनकरांइतका क्वचितच कोणीं केला असेल.

बोस्टनच्या संघाचें नांव ‘रेड सॉक्स’, म्हणजे तांबडे पायमोजे. १९१२ सालीं उघडलेल्या फेनवे पार्क या मैदानावर तो अजूनहि खेळतो. वरच्या श्रेणीचे संघ दोन लीगांत विभागलेले असतात. दोन्ही लीगांचे विजेते वर्षाच्या शेवटीं अंतिम मालिका खेळतात आणि तींत चार सामने जिंकणारा संघ अजिंक्य ठरतो. अशी पहिली मालिका १९०३ सालीं झाली; ती बोस्टनच्या याच संघानें, त्याला तांबड्या पायमोज्यांचें नांव मिळण्यापूर्वीच, जिंकली. पुढें १९१२, १९१५, १९१६ आणि १९१८ सालींहि अजिंक्यपद त्याच्याकडे आलें. पराभव ही दुसऱ्यांच्या घरची गोष्ट आहे, असें त्या वेळच्या बोस्टनकराला वाटलें असल्यास नवल नाहीं.

त्या संघांत बेब रुथ नांवाचा तरुण होता. आरंभीं तो पिचर म्हणून गाजला. १९१८ च्या अंतिम मालिकेंत दोन सामने त्यानेंच आपल्या फेकीवर जिंकून दिले. मग त्याच्या फलंदाजीनें सर्वांना चकित केलें. १९१९ सालीं त्यानें २९ होमरन मारले. तोंपर्यंत एका हंगामांत कोणीहि इतके मारले नव्हते. त्यानें वेतन दुप्पट करून मागितलें. संघाचे मालक हॅरी फ्रेझी हे नाट्यनिर्माते होते. त्यांना पैशाची निकड होती आणि लीगच्या अध्यक्षांशीं त्यांचें वैर होतें. १९१९ च्या डिसेंबरांत त्यांनीं रुथला न्यूयॉर्कच्या ‘यांकीज’ संघास विकलें. ५ जानेवारी १९२० रोजीं ही बातमी जाहीर झाली. किंमत एक लाख डॉलर, शिवाय सुमारें तीन लाख डॉलरांचें कर्ज, आणि त्या कर्जास तारण खुद्द फेनवे पार्क. त्या वर्षीं रुथनें न्यूयॉर्कसाठीं ५४ होमरन मारले. यांकीजनें तोंपर्यंत एकहि अजिंक्यपद मिळविलें नव्हतें. २००० सालापर्यंत त्यांचीं २६ झालीं.

या विक्रीभोंवतीं पुढें दंतकथेचें जाळें विणलें गेलें. ‘नो, नो, नॅनेट’ या संगीत नाटकाच्या खर्चासाठीं फ्रेझींनीं रुथला विकलें, असें बोस्टनमध्यें पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें जाई. तें नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें १९२५ सालीं, आणि फ्रेझी तर १९२३ सालींच संघ विकून मोकळे झाले होते. शिवाय एकट्या रुथच्या जाण्यानें संघ बुडाला असेंहि नाहीं. त्याच्या मागोमाग एकेक करून बोस्टनचे चांगले गडी न्यूयॉर्कची वाट धरीत राहिले. १९२० सालीं बोस्टनचे व्यवस्थापक एड बॅरो हेच यांकीजचा कारभार पाहूं लागले. १९२३ सालीं यांकीजनें पहिलें अजिंक्यपद मिळविलें तेव्हां त्यांच्या पांच मुख्य पिचरांपैकीं चार बोस्टनहून गेलेले होते. १९२२ ते १९३२ या अकरा हंगामांत बोस्टनचा संघ नऊ वेळां आपल्या लीगांत शेवटचा आला. एक सौदा डोळ्यांत भरला. खरा घात मात्र वर्षानुवर्षें चाललेल्या गळतीनें केला. परंतु गळतीची गोष्ट सांगतां येत नाहीं, आणि रुथची गोष्ट आजोबा नातवाला एका दमांत सांगूं शकतो.

१९१८ नंतर बोस्टननें अंतिम मालिका गांठली ती १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ सालीं. चारहि वेळां ती सातव्या सामन्यापर्यंत गेली, आणि चारहि वेळां सातवा सामना बोस्टन हरला. मधल्या काळांतील हारहि कांहीं कमी जिव्हारीं लागणाऱ्या नव्हत्या. १९७८ च्या जुलैंत यांकीज बोस्टनच्या चौदा सामने मागें होते. हंगामाच्या शेवटीं दोघे बरोबरीस आले, आणि २ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यांत बकी डेंट या एरवीं क्वचितच होमरन मारणाऱ्या गड्यानें होमरन मारून बोस्टनची आशा संपविली. या प्रत्येक पराभवासाठीं बोस्टनमध्यें एकेक माणूस निवडला गेला. १९४६ सालचा दोष जॉनी पेस्कीचा, कारण चेंडू हातांत आल्यावर तो फेकण्यापूर्वी तो क्षणभर थबकला असें लोक म्हणत. १९४८ चा दोष जो मॅकार्थी या व्यवस्थापकाचा, कारण निर्णायक सामन्यांत त्यांनीं ३६ वर्षांच्या डेनी गेलहाउसला पिचर नेमलें. आणि १९८६ चा दोष बिल बकनरचा.

बकनरची हकीकत नीट पाहण्यासारखी आहे. २५ ऑक्टोबर १९८६ च्या रात्रीं न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’ संघाविरुद्ध सहावा सामना चालू होता. बोस्टनकडे मालिकेंत तीन विजय होते. दहाव्या, म्हणजे जादा, डावांत ५–३ अशी आघाडी होती. प्रतिपक्षाचे दोन गडी बाद झालेले, आणि ठाण्यांवर कोणी नव्हतें. एक गडी बाद झाला कीं अडुसष्ट वर्षांची प्रतीक्षा संपणार होती. तोंच एकापाठोपाठ तीन फटके यशस्वी झाले आणि एक धांव आली. मग पिचरचा एक चेंडू भरकटून मागें गेला आणि बरोबरी झाली. त्यानंतर मूकी विल्सननें मारलेला चेंडू जमिनीवरून सरपटत पहिल्या ठाण्याजवळ उभ्या असलेल्या बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला. बोस्टन ६–५ असा हरला. पुढें सातवा सामनाहि, आरंभीं आघाडी असूनहि, ८–५ असा गेला.

बकनर २,७०० हून अधिक यशस्वी फटक्यांचा धनी होता. १९८० सालीं तो आपल्या लीगचा सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला होता. १९८६ सालीं त्याचे घोटे इतके दुखत कीं आघाडी असतां शेवटच्या डावांत त्याच्या जागीं बहुधा धडधाकट गडी उतरविला जाई. त्या रात्रीं व्यवस्थापकांनीं तसें केलें नाहीं. चेंडू त्याच्याकडे आला त्याच्या आधींच आघाडी नाहींशी झालेली होती, आणि पराभवानंतर एक सबंध सामना शिल्लक होता. हें सारें प्रत्येक शौकीनानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. तरी खापर बकनरच्याच माथीं फुटलें. हरण्याचीं दहा कारणें मनांत सांठवून ठेवणें कठीण. एक माणूस आणि एक चेंडू मात्र जन्मभर विसरतां येत नाहीं.

अशा हारींची परंपरा वाढली तसा शापाचा बोलबाला झाला. रुथला विकल्याचा हा शाप, असें लोक अर्धें थट्टेनें आणि अर्धें श्रद्धेनें बोलूं लागले. १९९० सालीं त्या नांवाचें एक पुस्तकहि निघालें. शापाची सोय अशी कीं त्यांत कोणाला जाब विचारावा लागत नाहीं. आणि जाब विचारण्यासारखी एक गोष्ट बोस्टनच्या दप्तरांत होती. ती बारीक टाइपाच्या त्या मजकुरांत कधींच छापून आली नाहीं, कारण तो सौदा झालाच नाहीं.

१६ एप्रिल १९४५ रोजीं फेनवे पार्कवर तीन कृष्णवर्णी गड्यांची चांचणी घेण्यांत आली. जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्व्हिन विल्यम्स हीं त्यांचीं नांवें. त्या काळीं वरच्या श्रेणींत एकहि कृष्णवर्णी गडी नव्हता. लेखी नियम नसतांहि मालकांच्या संगनमतानें तें दार बंद होतें. बोस्टनच्या एका नगरसेवकानें दडपण आणलें म्हणून ही चांचणी झाली. तिघांपैकीं कोणालाहि संघानें घेतलें नाहीं. दोन वर्षांनीं रॉबिन्सन ब्रुकलिनच्या ‘डॉजर्स’ संघांतून वरच्या श्रेणींत उतरला, त्याच वर्षीं उत्कृष्ट नवोदित गडी ठरला, आणि १९४९ सालीं आपल्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू. जेथ्रो १९५० सालीं उत्कृष्ट नवोदित ठरला, तोहि बोस्टन शहरांतच. पण ‘ब्रेव्ह्‌ज’ नांवाच्या दुसऱ्या संघाकडून. रेड सॉक्सच्या पटावर पहिलें कृष्णवर्णी नांव, पंप्सी ग्रीनचें, चढलें तें २१ जुलै १९५९ रोजीं. त्या वेळच्या सोळा संघांपैकीं उरलेल्या पंधरांनीं तें दार आधींच उघडलें होतें.

आतां १९४८ च्या पराभवाकडे पुन्हां पाहावें. त्या वर्षीं बोस्टन आणि क्लीव्हलँड यांची बरोबरी झाली आणि ४ ऑक्टोबरचा निर्णायक सामना बोस्टन ८–३ असा हरला. क्लीव्हलँडच्या संघांत लॅरी डोबी होता आणि सॅचेल पेज होता, दोघेहि कृष्णवर्णी. पेजनें त्या हंगामांत क्लीव्हलँडला सहा सामने जिंकून दिले. पुढच्या वर्षींहि बोस्टनचें लीग-विजेतेपद अवघ्या एका सामन्यानें हुकलें. म्हातारा पिचर नेमल्याबद्दल मॅकार्थींना बोल लावणाऱ्या शौकीनानें हा हिशेब सहसा मांडला नाहीं. नामावली विजय देत नाहीं. ती फक्त विजयाचा संभव वाढवते किंवा घटवते. पण ज्या खेळांत वर्षाचा निकाल एका सामन्यावर लागतो, तेथें उत्तम गड्यांच्या एका सबंध वर्गाला दाराबाहेर ठेवणें ही किती मोठी किंमत होय! चुकलेला सौदा लोकांना दिसतो. न केलेला सौदा दिसत नाहीं, आणि या संघाचें अधिक नुकसान त्यानेंच केलेलें असण्याचा संभव आहे. त्या गड्यांवर झालेला अन्याय तर धांवांच्या हिशेबांत मोजतां येण्यासारखा नव्हताच.

या सौद्यांकडे गड्यांच्या बाजूनें पाहिलें तर आणखी एक चित्र दिसतें. १८७९ पासून संघमालकांनीं अशी पद्धति पाडली होती कीं, करार संपला तरी गडी त्याच संघाचा बांधील राही. मालक त्याला विकूं शके. तो मात्र स्वतः होऊन कोठें जाऊं शकत नसे. १९६७ च्या अंतिम मालिकेंत बोस्टनला हरविणाऱ्या सेंट लुइसच्या संघांतील कर्ट फ्लड याची १९६९ सालीं फिलाडेल्फियाकडे बदली झाली. आपण विकावयाची वस्तु नाहीं, असें सांगून तो जाण्यास नकार देता झाला आणि न्यायालयांत गेला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या विरुद्ध निकाल दिला. पण प्रश्न मिटला नाहीं. १९७५ च्या डिसेंबरांत दुसऱ्या दोन गड्यांच्या प्रकरणांत लवादानें ती जुनी बांधिलकी मोडून काढली. तेव्हांपासून ठराविक वर्षें सेवा झाली कीं गडी स्वतंत्र होतो. ‘आजकालचे गडी शहराशीं एकनिष्ठ नसतात’ ही तक्रार त्यानंतर फार ऐकूं येऊं लागली. पूर्वीची निष्ठा म्हणून जी गौरविली जाते, तिच्यांत सक्तीचा अंश किती होता, हें फ्लडच्या हकीकतीवरून ध्यानांत येतें.

२००३ च्या ऑक्टोबरांत बोस्टन पुन्हां एकदां यांकीजकडून, अंतिम मालिकेच्या उंबरठ्यावर, सातव्या सामन्यांत हरला. पेद्रो मार्तिनेझ हा थोर पिचर थकल्यावरहि व्यवस्थापकांनीं त्याला बदललें नाहीं, म्हणून त्यांना आपलें पद गमवावें लागलें. पुढच्या वर्षीं, ३१ जुलै २००४ रोजीं, शहराला दुसरा धक्का बसला. नोमार गार्सियापारा हा १९९६ पासूनचा लाडका गडी, दोनदां लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरलेला, शिकागोच्या ‘कब्ज’ संघास देण्यांत आला. त्याच्या बदल्यांत आले ऑर्लांडो कॅब्रेरा आणि डग मिंटकेविच. दोघेहि क्षेत्ररक्षणांत कुशल, पण फलंदाज म्हणून नोमारच्या पासंगालाहि न पुरणारे. हा सौदा करणारे थिओ एप्स्टाइन अवघे तीस वर्षांचे होते. शहरांत मोठा क्षोभ झाला. त्याच दिवशीं लॉस एंजलिसहून एका अप्रसिद्ध गड्याच्या मोबदल्यांत डेव्ह रॉबर्ट्स नांवाचा एक चपळ धांवणारा आणला गेला. त्या गोंधळांत त्याच्याकडे फारसें कोणाचें लक्षहि गेलें नाहीं.

ऑक्टोबरांत पुन्हां यांकीज समोर आले आणि पहिले तीन सामने जिंकून बसले; तिसरा तर १९–८ असा. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावांत बोस्टन ४–३ असा मागें होता. केव्हिन मिलरला पहिलें ठाणें मिळालें आणि त्याच्या जागीं धांवण्यासाठीं रॉबर्ट्सला उतरविण्यांत आलें. तो काय करणार हें मैदानावरील प्रत्येकास माहीत होतें. तरी त्यानें दुसरें ठाणें धांवून गांठलेंच. पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली, बाराव्या डावांत डेव्हिड ऑर्टिझच्या होमरननें विजय मिळाला, आणि त्यानंतरचे तिन्ही सामने बोस्टननें जिंकले. तीन सामने गमावून मालिका जिंकण्याची ही अमेरिकेच्या वरच्या श्रेणींतील पहिलीच वेळ. हा ऑर्टिझहि दुसऱ्या संघानें दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेला गडी होता, हें विशेष. २७ ऑक्टोबर २००४ रोजीं अंतिम मालिकेचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हां पहिल्या ठाण्यावर चेंडू झेलणारा होता मिंटकेविच. शहाऐंशी वर्षांची प्रतीक्षा संपली. त्या दिवसांत अनेक बोस्टनकर स्मशानभूमींत गेले आणि हा दिवस पाहूं न शकलेल्या बापआजोबांच्या थडग्यांवर त्यांनीं संघाच्या पताका आणि वृत्तपत्रें ठेवलीं.

मग चालक सदैव बरोबर आणि शौकीन सदैव चूक, असें म्हणावयाचें काय? तसेंहि नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत बोस्टननें मूकी बेट्स हा आपला सर्वोत्तम गडी, २०१८ चा सर्वांत मोलाचा खेळाडू, आतां लॉस एंजलिसला असलेल्या डॉजर्स संघास दिला. मोबदल्यांत आलेल्या तिघां तरुणांपैकीं दोघे चार वर्षांच्या आंत बोस्टनच्या पटावरून गेले. बेट्सला घेऊन डॉजर्सनें २०२०, २०२४ आणि २०२५ सालीं अजिंक्यपद मिळविलें. नोमारच्या वेळीं शौकीन रागावले आणि चुकले; बेट्सच्या वेळीं रागावले आणि बरोबर ठरले. राग दोन्ही वेळां सारखाच होता. म्हणून सौद्याची पारख रागावरून होत नाहीं. काय दिलें, काय आलें, संघाला उणीव कशाची होती, आणि कोणाचा विचारच झाला नाहीं, हे प्रश्न शांतपणें विचारले तरच कांहीं उलगडा होतो; आणि तोहि काळानें.

८ एप्रिल २००८ रोजीं, २००७ च्या अजिंक्यपदाची पताका फेनवे पार्कवर चढविण्याच्या समारंभांत, पहिला चेंडू टाकण्याचा मान बिल बकनरला देण्यांत आला. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीनंतर तो पुष्कळ काळ दूर आयडाहो राज्यांत जाऊन राहिला होता. तो मैदानांतून चालत येऊं लागतांच सारे प्रेक्षक उभे राहिले, आणि टाळ्यांचा कडकडाट थांबेना. बकनरनें डोळे पुसले आणि जुना सोबती ड्वाइट इव्हान्स याच्याकडे चेंडू टाकला. बकनर २०१९ सालीं वारला. दुसऱ्या कोणाचे सौदे शौकीनांच्या हातीं नव्हते आणि नाहींत. पण एका माणसाच्या माथीं मारलेलें खापर काढून घेणें त्यांच्या हातीं होतें, आणि उशिरां कां होईना, तें त्यांनीं त्या दिवशीं केलें.